रेष थांबली की

कल्याणच्या एका छोट्या नर्सिंग होममधून तक्रार आली होती की आमचा मॉनिटर मधेच थांबतो. खाटेशेजारच्या स्क्रीनवर हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेष धावत असते. ती काही सेकंद जागच्या जागी उभी राहते आणि मग काही झालंच नाही अशी पुढे पळते. हे मॉनिटर बनवणारी आमची कंपनी ठाण्याला नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. माणसं एका टेम्पोत मावतील एवढीच. तक्रार माझ्याकडे आली, कारण इंटरव्ह्यूमध्ये मी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचते असं बोलून गेलेले. त्यानंतर ऑफिसात मी फारसं काही बोललेच नव्हते.

ऑफिसात चाचणीसाठी ठेवलेल्या बोर्डावर, म्हणजे उघड्या मॉनिटरवर, नकली ठोके सोडले तर रेष कधीच थांबत नव्हती. मी दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. शेजारचा सहकारी म्हणायचा, "अगं, नजर लागेल त्याला." शेवटी सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मला कल्याणला पाठवलं. "डॉक्टरांशी मी बोलतो. तू फक्त मशीन बघ," ते म्हणाले. मला हायसं वाटलं.

खोलीत एक काका झोपलेले होते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, त्यात हृदयाचीही तक्रार. काकू शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होत्या.

"मशीनवाली तू?"

"हो."

"लहान दिसतेस."

मी लॅपटॉप जोडला आणि मॉनिटरची मेमरी बघितली. रिकामी जागा भरपूर होती, पण सगळी तुकड्यातुकड्यांत.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तेव्हा असंच होतं. खाली जागा असते, पण या दोन स्कूटरींच्या मधे थोडी, त्या दोन गाड्यांच्या मधे थोडी. टँकरला सलग लागते. मग वॉचमन एकेक स्कूटर ढकलून भिंतीला लावत बसतो आणि तोवर मागच्या रिक्षा, शाळेची व्हॅन, सगळं गेटवर अडकतं. कर्नलमधल्या या ढकलाढकलीला मेमरी कॉम्पॅक्शन म्हणतात. आमचा मॉनिटर डॉक्टरांसाठी मधूनमधून आलेखाचं मोठं चित्र साठवतो, त्याला सलग मेमरी हवी असते. ती मोकळी होईपर्यंत रेष काढणारा प्रोग्रॅमही गेटवर उभा राहत असणार, असा माझा अंदाज होता.

तेवढ्यात रेष थांबली.

मला कारण माहीत होतं. निदान क्षणापूर्वी माहीत होतं. आता हिरवी रेष अर्ध्यात तुटून उभी होती, आणि त्या क्षणी काकांचं हृदय चालू आहे की नाही, हे स्क्रीन बघून मलाही सांगता येत नव्हतं. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकताय का."

काका हलले नाहीत. मग जड जिभेने म्हणाले, "काय आहे."

"काही नाही. झोपा."

"झोपलोच होतो."

रेष धावायला लागली. काकूंनी माझा हात सोडला. "रोज असा जीव घेतं हे मशीन. त्यांच्या आधी मीच जायची."

मी हसायला हवं होतं, पण मी चालू प्रोग्रॅमची यादी बघत होते. धोक्याची घंटा वाजवणारा प्रोग्रॅम मॉनिटरच्या त्याच खोक्यात होता. रेष उभी राहिली की तोही उभा राहत होता. त्याच सेकंदांत खरंच काही झालं असतं, तर खोलीत शांतता असती.

परत ठाण्याला येताना माझ्या लक्षात आलं, की कल्याणचं खोकं बसवल्यापासून एकदाही बंद झालेलं नाही. आणि आमचा बोर्ड रोज बंद होतो, म्हणजे त्याची मेमरी रोज कोरी होते. सरांच्या आधीच्या गाळ्याला वायरिंगमुळे आग लागली होती. तेव्हापासून ऑफिसातून शेवटी निघणारा माणूस मेन स्विच पाडतो, मग दाराला कुलूप. कोणी विसरू नये म्हणून सरांच्या मिसेस संध्याकाळी फोन करून विचारतात. आम्हाला सगळ्यांना ही शिस्त इतकी अंगवळणी पडली होती, की आम्ही रोज सकाळी एका कोऱ्या मशीनची परीक्षा घेतोय हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तुकडे पडायला मेमरीला वेळ लागतो, आणि तो वेळ आम्ही तिला कधी दिलाच नव्हता.

सरांच्या केबिनबाहेर मी बराच वेळ उभी होते. आतून त्यांनीच हाक मारली.

"सर, एक बोर्ड चालू ठेवायचाय. रात्रीही."

"मेन पाडायचा नाही?"

"नाही."

"दुसरा काही उपाय?"

"नाहीये, सर. कल्याणचा पेशंट..."

त्यांनी केबिनच्या दारातून मेन स्विचकडे बघितलं. मग म्हणाले, "बाकी सगळं बंद. तेवढी एकच लाइन चालू. आणि संध्याकाळी हिचा फोन आला, तर कोणी काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी आले होते आणि बोर्डामागची भिंत तळहाताने चाचपत होते.

मेमरी मुद्दाम विस्कटणारा एक छोटा प्रोग्रॅमही मी लावून ठेवला होता. काही दिवसांत आमच्या बोर्डावरही रेष थांबली. सहकारी म्हणाला, "मुबारक हो, आजारी पडला." मग मी कामाला लागले. टँकर गेटवर आल्यावर स्कूटरी ढकलण्यापेक्षा, मशीन निवांत असताना थोड्या थोड्या आधीच ढकलून ठेवायच्या. काही स्कूटरींना हँडल लॉक असतं, त्या हलत नाहीत. सेन्सरला दिलेली मेमरी तशीच असते. ती पहिल्यापासून एका कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे प्रत्येक रांगेत ती आडवी येणार नाही.

रेष थांबायची बंद झाली. माझी भीती मात्र वाढली. आता मी चालत्या प्रोग्रॅमच्या पायाखालून मेमरी हलवत होते. कुठे एक चूक झाली, तर रेष थांबणार नाही, धावतच राहील, पण खोटी. थांबलेली रेष निदान दिसते. मी आत सोडलेल्या सिग्नलशी एकेक ठोका ताडून बघणारी चाचणी लिहिली आणि ती सलग चालू ठेवली. काही सापडलं नाही. तरी घरी मी अर्ध्या जेवणावरून उठून लॅपटॉप उघडायचे. आई विचारायची, मी "काम" म्हणायचे.

पुन्हा कल्याणला गेले तेव्हा काका त्याच खाटेवर होते. नवीन कर्नल टाकायला मॉनिटर बंद करावा लागणार होता आणि दुसरा मॉनिटर मोकळा नव्हता. सिस्टरने काकांच्या बोटाला नाडी दाखवणारा चिमटा लावला.

"काकू, आता मी मुद्दाम बंद करतेय. घाबरू नका."

"तूच घाबरलेली दिसतेस."

"हो," मी म्हणाले.

स्क्रीन काळी झाली. काकूंनी काकांच्या छातीवर हात ठेवला. मी चिमट्यावरचा आकडा बघत होते. मॉनिटर पुन्हा चालू होताना येणाऱ्या त्या ओळी मी हजारदा बघितल्या असतील, इतक्या हळू कधीच आल्या नव्हत्या. मग रेष उमटली आणि चिमट्यातल्या नाडीशी जुळली.

"आता नाही ना थांबणार?" काकूंनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. सरांनीही तेच सांगितलं असतं. पण मशीन नुकतंच बंद करून चालू केलं होतं. माझा कोड नसता, तरी ते काही दिवस नीटच चाललं असतं. त्या चालू रेषेवरून माझ्या कामाबद्दल काहीही कळत नव्हतं.

"ऑफिसात नाही थांबली," मी म्हणाले. "इथलं कळायला वेळ लागेल. मी दर आठवड्याला येऊन बघेन. तोवर रेष थांबली, किंवा धावतेय पण काकांचं काही वेगळं वाटलं, तर मशीनचं ऐकू नका. आधी काकांना हात लावा, मग सिस्टरना हाक मारा."

इतकं सलग मी त्या दिवसांत कोणाशी बोलले नव्हते.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त स्टूल उचललं, स्क्रीनकडे पाठ होईल असं वळवून ठेवलं आणि काकांच्या तोंडासमोर बसल्या.

"असं बसले तर चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. मी लॅपटॉप बंद केला, तरी लगेच उठले नाही. त्यांच्या पाठीमागची रेष मी बघत राहिले.