गळती लगेच कळवा
आमचा दादा प्लंबर. नळापेक्षा गिऱ्हाइकांवरच जास्त जोर लावायचा. "भिंत ओली होईपर्यंत झोपा काढत होतात? पहिला थेंब पडला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" तरी लोक त्यालाच बोलवायचे. त्याने बसवलेला जॉइंट पुन्हा गळत नसे.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधासाठी छातीत नळी बसवली, तर नर्सलाच विचारतो, "जॉइंट घट्ट केलाय ना, ताई?" दर आठवड्याला त्या नळीत मिठाचं पाणी सोडून ती धुवायची. मी त्याला हॉस्पिटलात घेऊन जायचे.

एकदा नळी धुऊन घरी आलो नि तासाभरात दादा थडथडा कापायला लागला. दोन पांघरुणं टाकली तरी थांबेना.

"डॉक्टरांना फोन करते."

"कर! म्हणजे टाकतील परत कोंडून. लेकीच्या नव्या घराचे नळ कोण जोडणार, तू?"

मला शपथ घातली. मी मूर्ख, गप्प बसले. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही. एरवी ठणठणीत. माझा मात्र पाय एका जागी ठरेना. दर घटकेला त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे.

चौथ्या आठवड्यात थंडी वाजलीच, वर चार पायऱ्यांत धाप लागली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "थंडी कधीपासून?"

"आजच," दादा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. शपथ गेली खड्ड्यात! "आज नाही, तीन आठवडे! नळीत पाणी सोडलं की थंडी. म्हणजे घाण पाइपातच ना रे? तुला हे कळू नये?"

नळी काढली. रक्तात जो जंतू सापडला, त्यासाठी डॉक्टरांनाही पुस्तक उघडावं लागलं. धडधाकट माणसाच्या तो वाटेलाही जात नाही. दादाच्या रक्तात त्याला अडवायला होतं कोण? नळीतून थेट हृदयात जाऊन त्याने झडप कुरतडली होती.

"वॉल्व्ह गळतोय," डॉक्टर म्हणाले.

"मग बदला की."

"तुमचं रक्त गोठत नाही. आत्ता कापलं तर थांबणार नाही. सहा आठवडे इंजेक्शनं, टिकलात तर पुढचं बघू. आधी आला असतात तर..."

दादा भिंतीकडे तोंड करून पडला. मी खाट ते दार, दार ते खाट येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी स्पीकर लावला. जुन्या गिऱ्हाईक बाई होत्या. "नळ जरासा ठिबकतोय हो. घाई नाही, सवडीनं या."

दादा ताडकन उठून बसला. "सवडीनं नाही! आजच! दुसऱ्या कुणाला बोलवा, पण आजच!"

बाई घाबरून "बरं, बरं" म्हणाल्या. फोन बंद झाला आणि दादा ओक्साबोक्शी रडायला लागला. धाप थोडी कमी झाल्यावर माझा हात धरून म्हणाला, "मी शपथ घातली गं. पण तू तरी ओरडायचं होतंस."