चार वाजताचा वारा

रत्नागिरीच्या आमच्या हवामान-अंदाजाच्या ऑफिसात एक सहकारी माझ्या शेजारी बसतो. समुद्रातल्या प्रत्येक जागेचा, प्रत्येक तासाचा वारा-लाटांचा अंदाज एका डेटा क्यूबमध्ये, म्हणजे आकड्यांच्या ठोकळ्यात, रचायचा आणि मच्छीमारांच्या फोनवर कमी रेंजमध्येही उघडावा म्हणून तो दाबून लहान करायचा, हे त्याचं काम. पाठवलेली फाइल तो पुन्हा उघडून मूळ आकड्यांशी ताडून बघतो. तोवर चहा गार होतो.

एका दुपारी तो ताडकन उठला. "पूर्णगड बंदरासमोरचा चारचा जोराचा वारा फाइलमधून गेला. दाबताना आजूबाजूच्या आकड्यांत मिसळला."

"एकाच तासाचं तर आहे," मी म्हणालो.

"त्या तासाला होडीत माणसं असणार ना!"

तिथे कुणाचा फोन लागेना, म्हणून आम्ही बाइकवरून गेलो. बंदरावर त्याने ओरडून होड्या थांबवल्या. एक मात्र आधीच निघून गेली होती. चारला वारा सुटला. तो नखं कुरतडत पाण्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी होडी परतली. होडीचा म्होरक्या, भिजलेला तांडेल उतरताच तो पुढे झाला. "काका, अंदाज चुकला. फाइल मी पाठवली होती."

"माणसं परत आली, बस झालं," तांडेल थकून म्हणाला.

ती फाइल आणखी लहान कर, असं सकाळी मीच त्याला सांगितलं होतं. मी त्याच्या मागेच उभा राहिलो.