लेडी म्हणजे भाकरी मळणारी

लग्न होऊन सोनईजवळच्या वस्तीवर आले तेव्हा मी इंग्रजीत एम.ए. करत होते. धाकट्या दिराच्या डोळ्यांत ते सलायचं. माझ्या हातात पुस्तक दिसलं की ओट्यावरून हाक यायची, "लेडीसायेब, वाचून झालं आसंल तर भाकरी टाका. गरम पायजेत." जेवला की ताट तिथंच सोडून उठायचा. सासूबाई हसायच्या, नवरा मान खाली घालून जेवायचा. दोन वर्षं मी गिळलं.

एम.ए.चे तास शहरात, सावेडीत व्हायचे. एकदा बाईंनी फळ्यावर 'लेडी' लिहिलं. म्हणाल्या, हा मुळात जोडशब्द, झिजून एवढासा राहिलाय. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पहिला भाग म्हणजे रोटी, दुसरा म्हणजे मळणारी. 'लॉर्ड'ही तसाच, रोटीचा राखणदार. मळण्याचं ते मूळ तर त्याहून कितीतरी जुनं. आपला 'देह' शब्दही त्यातलाच, मळून घडवलेला. वर्गाला गंमत वाटली. माझे कान तापले. एसटीत बसल्यावर ठरवलं, हा शब्द दिराच्याच घशात घालायचा. पण घरात नाही, चारचौघांत.

पुढं त्याचं स्थळ बघायला अकोल्याहून पाहुणे आले. जेवताना मुलीच्या आत्यानं विचारलं, "भाकरी लई मऊ झाल्यात. कुनी केल्या?"

"आमच्या लेडीसायेबांनी," दीर हसत म्हणाला.

मी वाढता वाढता थांबले. "भाऊजी बरोबर बोलतात. जुन्या इंग्रजीत लेडी म्हणजे रोटीचं पीठ मळणारी. आणि लॉर्ड, आपला लाटसाहेब, तो रोटी राखणारा. आमच्या लाटसाहेबांनी अजून स्वतःचं ताट उचललेलं नाही. तुमची मुलगी आली की मी सुटले. मग लेडी तीच."

मुलीचे वडील हसले. आत्या हसली नाही. "आमची पोरगी नर्स हाय," ती दिराला म्हणाली, "रातपाळी आसती तिला."

जेवण झालं आणि दीर सवयीनं ताट सोडून उठला. आत्यानं ते ताट नीट बघून घेतलं.

आठवड्यानं फोन आला, पत्रिका जुळत नाही.

"तुझ्या जिभेनं लगीन मोडलं," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणाले.

महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दिराचं लग्न पुढं दुसरीकडं जमलं. त्यानं मला पुन्हा कधी लेडी म्हटलं नाही, वहिनीही म्हटलं नाही. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.