दगड ‘अ’

शालोममास्तर भिंती चाटत. हे मी थट्टेने सांगत नाही. शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिले, की व्हरांड्याच्या टोकाला एक उंच, पोक काढलेला माणूस भिंतीवर बोट घासतो आहे आणि ते बोट जिभेला लावून डोळे मिटून उभा आहे. मी नवखा ड्रॉइंग मास्तर. घाबरत विचारले, “आपल्याला बरं वाटत नाही का?” तर म्हणाले, “मला बरं आहे. भिंतीला नाही. मीठ छातीपर्यंत चढलंय तिच्या. या, चाखून बघा.” आणि मी चाखली! नव्या नोकरीत माणूस काय काय करतो. त्या दिवशी त्यांनी माझे नाव ‘रंगारी’ ठेवले आणि शेवटपर्यंत दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आमचे गाव अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. वारा खारा, विहिरी मचूळ, नवे कुलूप पावसाळ्यानंतर उघडेल याची खात्री नाही. मास्तर तिथलेच. बेने इस्राएल, म्हणजे या किनाऱ्यावर कितीतरी पिढ्या मुरलेले यहुदी. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्या घराला शनिवारतेली म्हणे. नातवाने घाणा सोडला, पण शनिवार सोडला नाही. त्या दिवशीचे त्यांचे शास्त्राचे तास मी घेत असे आणि मुलांना शास्त्राऐवजी केळीचा घड काढायला लावत असे. मास्तर सोमवारी फळा पाहून म्हणत, “रंगारी, तुमच्यामुळे माझी पोरं मॅट्रिकला केळी खाणार.”

त्यांना व्यसन एकच, लेख लिहिण्याचे. देवळाच्या खांबांना तेल चोपडून कोरीवकाम कसे बुजते, किल्ल्याच्या तटात रुजलेला पिंपळ कापावा की मारावा, असले विषय. मुंबईच्या एका संशोधन त्रैमासिकाकडे ते लेख जात. फुलस्केपची एकच बाजू, डावीकडे चार बोटे समास, आकृत्या वेगळ्या कागदावर, हे सगळे नियम त्यांना मुखपाठ होते. पक्की प्रत आणि आकृत्या माझ्याकडे. मी मध्येच एखादा ‘सुंदर’ किंवा ‘प्राचीन’ घुसडला, की ते लाल पेन्सिल उचलत. “विशेषण म्हणजे बुरशी रे. एक राहिलं तर सगळं पान खातं.” बहुतेक लेख साभार परत येत. दोन छापून आले, तेही मागच्या पानांत बारीक टायपात. मास्तरांनी ते अंक मशिदीत (आपल्या प्रार्थनामंदिराला ते लोक मशीदच म्हणत) सर्वांना दाखवले. कोणी वाचले असतील असे वाटत नाही.

स्वातंत्र्य आले, आणि मागोमाग त्यांच्या लोकांना समुद्रापलीकडे स्वतःचा देश मिळाला. मग एकेक घर निघू लागले. आधी तरुण पोरे, मग त्यांचे आईबाप. मास्तरांना जायचे नव्हते. का म्हणून विचारले की म्हणत, “इथलं मीठ मला ओळखतं. तिथलं पुन्हा चाखून बघावं लागेल.” पण जाणाऱ्यांना ते कधी अडवत नसत. भांडण झाले ते कबरस्तानावरून.

सुरूच्या बनामागे त्यांचे कबरस्तान होते. डोक्याशी उभे केलेले दगड पोरबंदरी, पिवळसर, मऊ; कोरायला सोपे आणि झिजायलाही. वर हिब्रू, खाली आपल्या मराठीत नाव. नव्याच्या सणाआधी, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाआधी, घरोघरची माणसे येऊन दगडांच्या पाठी आणि पाये चुन्याने सारवून जात. आता ही माणसेच चालली होती. मग त्यांनी ठरवले, की निघण्यापूर्वी आईबापांच्या दगडांना सिमेंट करून जायचे. पाठीला, बाजूंना, पायाला जाड थर, पुढे नावाभोवती चौकट. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. त्यासाठी माणसे मुंबईला खेटे घालत आणि पोती होडीने आणत. मिल सोडून निघालेला मोजेस, मास्तरांचा चुलतभाऊ, स्वतः घमेले घेऊन उभा होता.

मास्तर त्याला म्हणाले, “मोजेस, दगडाला घाम येऊ दे. जमिनीतलं खारं पाणी तो पितो आणि चुन्यातून बाहेर टाकतो. तू सगळीकडून कोंडलंस तर ते नावातून बाहेर येईल. अक्षरं फुटतील.”

“शालोमदादा, तू राहणार. मी चाललो,” मोजेस म्हणाला. “दरवर्षी चुना कोण लावील माझ्या बापाला? तू किती जणांना लावशील? शिमिट केलं की बघायला नको.”

गवंडी गावातलाच आगरी, गोमा. तो घमेल्यावरून मान वर न करता बोलला, “मास्तर, शिमिट म्हंजे लोखंड हाय. त्याला काय व्हतंय?”

मोजेस रडत रडत थापी मारत होता. त्याच्या मायेशी वाद घालायचा तरी कसा? मास्तर घरी आले आणि लेखच लिहायला बसले. लेख छापून आला, त्यावर संशोधकांची मोहर उमटली, म्हणजे लोक ऐकतील, असा त्यांचा भाबडा विश्वास. मी बजावले होते, “मास्तर, छापलेलं वाचतं कोण?” ते म्हणाले, “वाचत नाहीत, पण मानतात.”

लेख परत आला. संपादकांचे टिपण सभ्य होते. खाऱ्या हवेत दगड झिजतो हे सर्वमान्य. सिमेंटने अधिक झिजतो हा लेखकाचा तर्क. एकाच खाणीचे, एकाच काळी एकाच जमिनीत उभे केलेले दोन दगड, एकाला सिमेंट आणि दुसऱ्याला चुना, असे काही वर्षे पाहून छायाचित्रांसह कळवल्यास विचार करू. मास्तर म्हणाले, “माणूस बरोबर बोलतोय.” मी सुचवले, की गोमाकडून दोन कोरे दगड पुरून घेऊ. “कोऱ्या दगडात मीठ भरायला पंधरा-वीस वर्षं लागतील, रंगारी. तोवर कबरस्तानात वाचायला एकही नाव उरणार नाही. जुनेच हवेत.” दुसऱ्या कोणाचे मागावेत, तर म्हणाले, “दुसऱ्याच्या बापावर प्रयोग करू?”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. एकाच खाणीचे, एकाच आठवड्यात उभे केलेले दोन जुळे दगड त्या कबरस्तानात होते. ते मास्तरांच्या मुलांचे होते. रिबका अकरा वर्षांची, दानिएल चार. मी गावात येण्याच्या पुष्कळ आधी दोघे एकाच तापात गेली होती.

पत्नीला, एस्तेरवहिनींना, त्यांनी माझ्यादेखत सांगितले. एकट्याने सांगायचा धीर नसावा. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

“म्हणजे दोघांतलं एक नाव जाणार?”

“माझं म्हणणं खरं असेल तर.”

“आणि खोटं असेल तर?”

“तर लेख जाईल.”

वहिनींनी सूप खाली ठेवले. “कोणाचं, ते तुम्ही ठरवाल?” मी उठू की बसू अशा अवस्थेत. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “रिबकाला लावा. तिला काही सांगितलं तर ती नाही म्हणत नसे.” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

अलिबागहून छायाचित्रकार आणला. दोन्ही दगडांचे फोटो निघाले, नावे ठसठशीत. मी दोन्हींची मापे घेऊन अक्षर न् अक्षर उतरवले. मग गोमाने रिबकाच्या दगडाला सिमेंट केले. दानिएलला मास्तरांनी स्वतः चुना लावला. गोमाचे काम झाल्यावर मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि सुरूच्या झाडाआड जाऊन उलटी केली.

पहिली दोन वर्षे काहीच झाले नाही. मोजेसचे मागे राहिलेले नातलग भेटले की हसत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर रिबकाच्या नावावर पांढरी भुकटी दिसू लागली. मास्तरांनी ती बोटाने टिपून जिभेला लावली. मी तोंड फिरवले. पुढच्या वर्षी पापुद्रे सुटू लागले. आधी ‘रि’ गेला, मग ‘का’चा काना. मधला ‘ब’ सगळ्यांत जास्त टिकला. दरवर्षी फोटो, दरवर्षी मापे. एखाद्याला आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद झाला असता. मास्तरांच्या पाठीचे पोक मात्र वाढत गेले. एकदा मी म्हटले, पुरे झाले, आता सिमेंट फोडून टाकू. “अर्धवट पुरावा म्हणजे तिला उगीच शिक्षा,” ते म्हणाले. ‘ब’सुद्धा गेला, तेव्हाच त्यांनी सिमेंट फोडले. मी नाव पुन्हा कोरून घ्यायचे ठरवले होते. गोमाने छिन्नी टेकवली तर दगडाचा रवा हातात आला. तो खाली बसला आणि म्हणाला, “मास्तर, लोखंड न्हवतं व ते. माफी करा.” वहिनी त्या सगळ्या वर्षांत कबरस्तानात फिरकल्या नाहीत. मास्तरांशी बोलत, पण जेवायला वाढताना बोलतात तेवढेच.

लेख पुन्हा गेला. या वेळी स्वीकारला गेला, थोड्या दुरुस्त्यांवर. दगडांवरील नावांचा उल्लेख मजकुरात नको, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणावे. आणि ‘हे दगड लेखकाच्या अपत्यांचे आहेत’ हे वाक्य विषयाला धरून नसल्याने गाळावे. मला संताप आला. त्या संपादकाला चार शब्द लिहायला मी टाक उचललासुद्धा. मास्तरांनी तो काढून घेतला. “त्यांचं चुकत नाही. मीठ सगळ्यांच्या पोरांना सारखंच खातं.” मग त्यांनी लाल पेन्सिलीने ते वाक्य स्वतःच खोडले. रेघ दोनदा ओढली.

लेख छापून येईतो आणखी दीड वर्ष गेले. या खेपेला पहिल्या पानांत आला, मोठ्या टायपात. तोवर शेवटची घरेही जाऊन कबरस्तानात जवळजवळ सगळीकडे सिमेंट झाले होते. मास्तरांनी लेखाच्या प्रती परदेशच्या पत्त्यांवर धाडल्या. त्यांचा टपालखर्च पाहून पोस्टमास्तरही हळहळला. उत्तर एकट्या मोजेसचे आले. लिहिले होते, ‘दादा, तुझे खरे होते. पण आता येऊन फोडणार कोण?’ मास्तर हातोडी घेऊन जाऊ लागले. कोणाचे तरी दोन दगड मोकळे केले असतील. तोवर त्यांच्या छातीत पाणी झाले होते. अलिबागच्या इस्पितळात त्यांनी मला विचारले, “रंगारी, मी आधी कोणाच्या तरी पाया पडायला हवं होतं का रे? लेखाच्या नादात वेळ गेला का?” मी नाही म्हणालो. काय म्हणणार होतो?

ते गेले. नमाज (प्रार्थनेला त्यांचा शब्द हाच) पढायला दहा पुरुष लागतात. ते तिथे मिळेनात, म्हणून मुंबईहून बोलवावे लागले. उन्हात आम्ही ताटकळत बसलो होतो, आणि ज्याने सगळ्यांच्या बापांची काळजी वाहिली त्याला उचलायला माणसे नव्हती. मला आजही तो दिवस आठवला की जेवण जात नाही.

सहा महिन्यांनी वहिनीही भावाकडे निघाल्या, तिकडेच. एक ट्रंक आणि एक वळकटी. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी तो अंक पुढे ठेवला. मला नवल वाटले, कारण त्या लेखाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. छायाचित्रांचे पान त्यांनी सुरीने नीट कापून घेतले होते. शेजारी शेजारी दोन दगड, पहिल्या वर्षीचे. वहिनींच्या हाती रिबकाचे नाव आता या एका ठिकाणी उरले होते. पण छपाई पुसट होती आणि खाली होते नुसते ‘दगड अ’.

“भावजी, तुम्ही अक्षरं उतरवली होतीत ना? इथे लिहून द्या. तिथं कोणाला दाखवलं तर हिला अ म्हणतील.”

मी मापांचा कागद आणला नव्हता. लागलाही नाही. हात आपोआप तसाच चालला. ‘रि’ची वेलांटी जरा आखूड होती, पाथरवटाला जागा कमी पडली होती, मी ती तशीच आखूड काढली. वहिनी वाकून बघत होत्या. “असंच होतं,” म्हणाल्या.

मी टाक पुन्हा बुडवला आणि शेजारच्या दगडाकडे वळलो. त्यांनी माझा हात धरला.

“त्याचं नको. त्याचं आहे जागेवर.”