डोकं माझं आहे
"पदर मागे घ्या," डॉक्टर म्हणाले. मी घ्यायच्या आत त्यांनीच तो सारला. कपाळावरचा डाग उघडा पडला. भोवती शिकाऊ डॉक्टर उभे. "बघा. अर्धशिशीवरचा गावठी इलाज. फोटो घेऊन ठेवा, पुस्तकात मिळणार नाही."

पोरं हसली. एकीने मोबाइल इतका जवळ आणला की त्या उजेडाने डोळ्यात कळ गेली.

तो डाग माझ्या आईने दिलेला. मी दुखण्याने भिंतीवर डोकं आपटत होते, तेव्हा तिने विळा तापवला. आमच्या कोन गावात तेव्हा हेच करत. चटका देताना माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. तिचं चुकलं, मला कळतं. पण माझ्या कपाळाला बोट लावून तिची थट्टा करायची नाही.

खारघरला शाळेच्या बसवर मी मुलं सांभाळते. डोकं उठलं की हॉर्न सोसत नाही, उलट्या होतात, समोरचं दिसत नाही. शाळेतल्या बाईंनी सांगून टाकलंय, असंच चाललं तर दुसरी बघू. गोळ्या झाल्या, कपाळात इंजेक्शनं झाली. दबलेली नस मोकळी करायचं ऑपरेशन असतं असं ऐकलं, म्हणून पनवेलला या दवाखान्यात आले.

मी त्या ऑपरेशनचं विचारलं. डॉक्टर शेजारी उभ्या माझ्या नवऱ्याकडे वळले. "यांना काय समजणार? आधी डाग, आता थेट ऑपरेशन. कामात गुंतवा, डोकं दुखायचं आपोआप थांबेल."

नवरा मान डोलवत राहिला. मला डॉक्टरपेक्षा त्याचीच जास्त चीड आली.

तेवढ्यात आणखी दोन पोरं आत आली. "या, तुम्हीपण बघा," म्हणत डॉक्टरांनी परत हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. दुकतंय मना, तुमी त्यांला काय सांगता? माज्याशी बोला. ऑपरेशन माज्यासाठी हाय का नाय ते सांगा. आनि तो फोटो आदी पुसा."

नवरा कुजबुजला, "गप बस गो." मी गप्प बसले नाही.

पोरीने फोटो पुसला. डॉक्टर तोंड वाकडं करून एका दमात बोलले. आधी नस बधिर करून बघायची. आराम पडला तर ऑपरेशनचा विचार. काहींना गुण येतो, काहींना नाही. कातडी बधिर राहू शकते. "झालं समाधान?"

"नाय. परत सांगा. सावकाश."

त्यांना परत सांगावं लागलं.

डोकं अजून दुखतं. नोकरी टिकेल की नाही, माहीत नाही. नस बधिर करून घ्यायला मी जाणार आहे, एकटी. पुढचं मी ठरवीन. आणि सगळं नीट कळेपर्यंत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवरून मला कोणी उठवू शकणार नाही.