माकडवाल्या बाई

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं असेल, लिहिण्यात चुकाही असतील, त्याची माफी असावी. पण बाईंबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

निमगाव सावाला आमच्या पुढच्या खोलीत त्या भाड्यानं आल्या, तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा कागद जास्त. पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या. कागदांवर चारच इंग्रजी अक्षरं, ओळीच्या ओळी. वरची ओळ माणसाची, खालची चिंपांझीची. पुरुषाच्या अंगात वाय नावाचा धागा असतो, तो दोघांत किती सारखा आहे हे त्या ताडून बघत. गावानं नाव ठेवलं, माकडवाल्या बाई. त्या म्हणत, "अहो, चिंपांझीला शेपूट नसतं. माकड म्हणून त्याचा अपमान करू नका."

मी दाराआडून बघायची. एकदा त्यांनी बोलावलं. "गहू निवडतेस ना? तसंच. खालचं अक्षर वेगळं दिसलं की खूण कर." त्यांच्या कागदावर पेन चालवायला माझा हात धजेना. मी प्रत्येक फरकावर बाजरीचा दाणा ठेवत गेले. दोन दिवसांचं काम ओसरीवर पसरलेलं, मी पाण्याला गेले, तेवढ्यात कोंबड्यांनी दाणे टिपले. मी रडकुंडीला आले. बाई पोट धरून हसल्या, "तुझ्या कोंबड्यांनी माणूस आणि चिंपांझी एक करून टाकले की गं!"

त्या वर्षी मला तिसरी मुलगी झाली. सासूबाईंनी बारसं अडवलं आणि यांच्यासाठी आळेफाट्याची दुसरी बायको बघितली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाई सासूबाईंसमोर कागद घेऊन बसल्या.

"हा वाय बापाकडून येतो. चिंपांझीतही तसंच. बापानं दिला तर मुलगा, नाही तर मुलगी."

"आन् बाईकडं?"

"बाईकडं तो नसतोच."

सासूबाईंना यांच्याआधी चार मुली. त्या म्हणाल्या, "मंग माझ्या पाठीवर काठ्या कशापायी मोडल्या वं?"



दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहुण्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "तुमी लई लांबून आलात, पर चूक आमची व्हती. आमच्या घरात सून हाय." हे काही बोलायला गेले. "तू गप. द्यायचं तुझ्याकडं व्हतं."

त्याच आठवड्यात पाळणा बांधला. नाव ठेवायचा नणंदेचा मान सासूबाईंनी बाईंना दिला.

पुढं बाई पुण्याला गेल्या, तिकडंच वारल्या. मला मात्र त्या पाळण्यावर वाकलेल्याच दिसतात. बाळाच्या कानात कुर्र करताना माझ्या चारी नणंदा रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घालत होत्या, आणि बाई हसत ओरडत होत्या, "अगं हळू, म्हातारी आहे मी!"