अधिक श्रावणातली आठवी

रविवार, २५ मे १९५८. रक्कम रुपये त्रेसष्ट. हजर: आठवीत जाणाऱ्या पाच मुलांचे पाच बाप, त्यांत मी एक, आणि आमच्या मराठी शाळेचे मास्तर. जागा देवळाचा सभामंडप. पाच बापांचे प्रत्येकी नऊ, म्हणजे पंचेचाळीस, आणि मुंबईला असलेल्या वाडीकरांनी पाठवलेले अठरा. पैसे माझ्याकडे ठेवायचे ठरले, कारण मी बारा वर्षे मुंबईत एका पेढीवर हिशेब लिहून परत आलो होतो.

आमचा गाव मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावर. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीपलीकडे. हिवाळ्यात होडीने दहा मिनिटांचे अंतर, पण मिरगाला, पावसाच्या तोंडावर, होडी वाळूत उपडी घालून वर माडाची झापे टाकली की ती नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यावरच पाण्यात जायची. हायस्कूल मात्र जूनमध्ये सुरू व्हायचे. त्यामुळे आमची मुले आठवीत बसायची ती दोन-अडीच महिने उशिरा. इंग्रजी आठवीपासूनच असे. वर्गाची मुळाक्षरे संपून वाक्ये चाललेली असत आणि आमचा मुलगा मागच्या बाकावर पहिले अक्षर गिरवीत असे. माझ्या माहितीतल्या अकरांपैकी नऊजण नववीचे तोंड न बघता मुंबईला गेले.

खारेपाटणहून बदलून आलेल्या मास्तरांनी यावर तोड काढली. होडी बंद असेल तेवढे महिने मुलांना पलीकडे खोली घेऊन ठेवायचे. पडवी मिळाली ती एका ख्रिस्ती बाईंची. या बाई गोव्याकडे मास्तरीण होत्या, आता एकट्याच राहायच्या. भाडे महिना चार रुपये. फी भरावी लागू नये म्हणून पाचहीजणांचे नादारीचे अर्ज मास्तरांनी स्वतः लिहिले.

पाचांत एक मुलगी होती. होडीवाल्याची. आमच्या वाडीतून हायस्कुलात जाणारी पहिलीच. तिला धाडायला होडीवाला तयार झाला तो एकाच अटीवर, त्याची विधवा बहीण सोबत राहील आणि सगळ्यांचे रांधील.

त्या आतेबायना मंडपात बोलावून मास्तर म्हणाले, "पाच मुलांचं जमेल ना हो तुम्हाला?"

"लग्नात शंभर पानांचा रांधलंय मी, मास्तरांनू. ह्या पाच कावळ्यांचा काय घेऊन बसलास?"

सगळे हसले. नारळी पुनवेपर्यंत म्हणून ठरले आणि उठलो. त्या वर्षी श्रावण अधिक होता. हे आम्हा सहाहीजणांना ठाऊक होते, भटजींनी पंचांग वाचले तेव्हा आम्हीच पुढे बसलो होतो. आदल्या वर्षी पुनव १० ऑगस्टला होती, यंदा २९ला जाणार. पण सभेत कोणाच्याच तोंडून ते निघाले नाही. अधिक मास म्हटला की आमच्या डोक्यात एकच गोष्ट यायची, जावयाचे वाण. शाळा आणि अधिक मास यांचा संबंध कोणी जोडलाच नाही. आणि आतेबायच्या मुलीचे लग्न त्याच वैशाखात झाले होते.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी शाळा सुरू झाली. मुले शेवटच्या होडीने आधीच पोचली होती. पहिल्या आठवड्यातच माझ्या मुलाने फळ्यावरचे दिसत नाही म्हणून उभे राहून सांगितले, "सर, माका दिसणा नाय." वर्ग इतका हसला की त्याचे नावच 'माका' पडले. तो दुसऱ्या दिवशी शाळेत जाईना. घरमालकीणबाईंनी पाचहीजणांना ओटीवर बसवले.

"घरात माका, वर्गात मला," त्या म्हणाल्या. "दोनय भाशो आपल्योच. घरात पायताण घालतास? नाय मां? तसाच ह्या."

मग रोज संध्याकाळी तासभर त्यांनी या मुलांना हायस्कूल शिकवले. धडे नव्हेत, हायस्कूल. हजेरीला कसे उभे राहायचे, तासाचे वेळापत्रक भिंतीला कसे लावायचे, प्रत्येक विषयाची वही वेगळी का, समजले नाही तर वर्गात कोणत्या शब्दांत विचारायचे. मराठी शाळेत एकच मास्तर दिवसभर असत. इथे घंटा झाली की माणूस बदलतो, याचीच मुलांना धास्ती होती. बाईंनी ती घालवली. जुलैअखेरच्या चाचणीत होडीवाल्याच्या मुलीला इंग्रजीत पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. वर्गात दुसरी. पाचहीजण पास. मास्तरांनी पेढे वाटले, स्वतःच्या खर्चाने.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आतेबायचा निरोप आला की मला न्यायला या. मी जमिनीवरून खाडीला वळसा घालून गेलो. पहाटे निघालो तो दिवेलागणीला पोचलो. आतेबाय बोचके बांधूनच बसल्या होत्या.

"पयलो अधिक आसा माझ्या जावयाचो. वाण दिलंय नाय तर चेडवाक सासरी तोंड दाखवूक जागा रवाची नाय. अधिक सरूच्या आधी माका घरात जावक होयाच."

त्यांचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही. प्रश्न मुलांचा होता. चार मुलगे होते. पलीकडच्या त्या गावात आमच्या ज्ञातीची, व्यापारउदीम करणारी घरे होती. मी दुसऱ्या दिवशी सात घरे फिरलो आणि चौघांचे वार लावून आलो. सोमवारी या घरी जेवायचे, मंगळवारी त्या घरी. गरीब विद्यार्थ्याला वार द्यायला कोणी नाही म्हणत नसे. पण तेरा वर्षांच्या मुलीला रोज निराळ्या घरी जेवायला धाडायचे, हे मी विचारलेही नाही. विचारले असते तरी लोकांनी माझ्या तोंडाकडे पाहिले असते.

घरमालकीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"चेडू माझ्याकडे रवांदे," त्या म्हणाल्या. "माझ्या टोपात दोघांचा होता. नको तर आपला आपण रांधांदे, चूल आसाच. रातीक माझ्या बगलेक निजांदे. पैशे नको माका."

आतेबायनी बोचके खाली ठेवले. "क्रिस्तावाच्या घरात निजतली? मगे उद्या तिका पदरात कोण घेतलो?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी घेतलास? तुमच्या झिलाक करून?"

मी म्हणालो, "बाई चांगल्या आहेत. पुनवेपर्यंतचाच प्रश्न आहे."

"बरी आसा म्हणान काय झाला? बरी आसा ता माका ठावक नाय? दोन म्हयने हिच्याच पडवेत रवलंय मी. लोकांक काय सांगतलास ता सांगा."

बाई आत निघून गेल्या. मुलगी ओटीच्या खांबाशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "काकानू, माझ्या नावाफुडे गैरहजर लावतले?"

"आठ दिवसांचा अर्ज देतो," मी म्हणालो. "आठ दिवसांत परत आणून घालतो तुला."

अर्ज मी दिला. परत येताना मुलगी वाटभर वह्यांची पिशवी डोक्यावर धरून चालली. पावसात भिजू नयेत म्हणून तिने स्वतःची घोंगडीची खोळ पिशवीवर घातली होती आणि आतेबाय तिला वाटभर शिव्या देत होत्या.

जावयाचे वाण झाले. आठ दिवस गेले. आतेबायना जावयाने ठेवून घेतले, मग ताप आला. पुन्हा वळसा घालून जायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय मुलीला कोण ठेवणार? अधिक मास संपला आणि आभाळ उघडले. खाडी तेलासारखी पडून होती. मी होडीवाल्याकडे गेलो.

"एकदाच घाल होडी. मुलीला पोचवून ये. मी पलीकडे कोणी बाईमाणूस बघतो."

तो जाळे विणत होता. मान वर न करता म्हणाला, "थंय माझा चेडू शिकता, माका हौस नाय? तुमका काय वाटता?"

"मग पाणी बघ ना कसे पडलेय."

"पाणी माका नका दाखवू. नारळ पडाच्या आधी होडी घातलंय, आणि ह्या वर्षात वाडीतलो एक माणूस जरी बुडलो, तर लोक कोणाचा नाव घेतले? होडी वाडीची आसा, माझ्या एकट्याची नाय."

हेही खरेच होते. मुलगी आत बसून मोठ्याने इंग्रजी वाचत होती. तिला त्यातले किती येत होते ते मला कळत नव्हते, पण ती थांबत नव्हती.

दरम्यान वाडीत बोलणे सुरू झाले. कोणी सुरू केले ते मी सांगू शकणार नाही. मुलगी ख्रिस्ती बाईच्या चुलीवरचे जेवली. आधी जेवली, मग निजली, मग तिच्याबरोबर इगर्जीत, त्यांच्या देवळात, गेली, असे ते वाढत गेले. आतेबाय प्रत्येक दारात जाऊन शपथ घेत होत्या, आणि त्या जितक्या शपथा घेत तितका लोकांना संशय येई. मुलीचा मामा कसालहून आला. त्याने तिथले एक स्थळ काढून ठेवले होते. वय कमी आहे तर बोलणी करून ठेवू, लग्न दोन वर्षांनी, असे त्याचे म्हणणे. होडीवाल्याने ते ऐकून घेतले.

२९ ऑगस्टला नारळ पडला. ३०ला पहिल्या होडीने मी पलीकडे गेलो. होडीवाल्यानेच नेले. मुलीला बरोबर घे म्हटले तर म्हणाला, "आधी तुमी विचारून येवा."

हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी हजेरीपट काढून दाखवला. आठ दिवसांच्या अर्जानंतर मुदत वाढवून मागणारे माझे पोस्टकार्ड त्यांना मिळाले होते, पण नाव कमी केल्यावर. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "परंतु नादारीची यादी लांब असते. तिची नादारी पुढच्या विद्यार्थ्याला दिली गेली. पूर्ण फी भरून पुन्हा प्रवेश देता येईल. महिना चार रुपये."

मी परत येऊन होडीवाल्याला सांगितले. फी वाडीकडून काढू, असेही सांगितले. त्याने वल्हे वाळूत रोवले.

"फी दिशात तुमी. पण तिका आता थंय धाडलंय तर मामा म्हणतलो, लोक म्हणत होते ता खरा. रवांदे आता. तिचा नशीब."

मुलगी घरातून बाहेर आली नाही. नंतर ती मला वाटेत भेटली की पदर सावरून बाजूला उभी राहायची. दोन वर्षांनी कसालला दिली.

पुढल्या वर्षी खोली घेतली नाही. मुलगी धाडायला कोणी तयार नव्हते आणि मुलग्यांना वार होतेच, निजायला त्याच घरांच्या ओट्या. चौघांपैकी दोघे नववीत सुटले, एक एस.एस.सी. नापास होऊन मुंबईला गेला. माझा मुलगा पास झाला. त्याचे श्रेय मी बाईंना देतो. त्या पुढे गोव्याला भाच्याकडे गेल्या, त्यांना कळवायचे राहून गेले.

त्या वर्षीच्या हिशेबात शेवटची नोंद ऑक्टोबरातली आहे. मुलीचा दाखला काढून ठेवावा, कधी लागला तर असावा, असे माझ्या मनात होते. कारकून म्हणाला, नादारी रद्द झाल्यापासूनची ऑगस्ट आणि सप्टेंबरची फी भरल्याशिवाय दाखला निघणार नाही. नाव ऑगस्टातच कमी केले होते ना, असे मी विचारले. त्याने नियमाचे पुस्तक पुढे सरकवले. मग दाखला लिहायला घेतला आणि शाळा सोडण्याचे कारण विचारले. मी पैसे मोजू लागलो, तेव्हा त्याने स्वतःच 'पालकांची इच्छा' असे लिहिले. दोन महिन्यांची फी रुपये आठ, दाखल्याचे पन्नास नवे पैसे, एकूण साडेआठ रुपये, शाळेच्या कारकुनाला रोख दिले.